रेडिओ रस्त्यात फुटत नाही राजेहो, तो खोक्यातच फुटलेला असतो

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. जुन्या रेडिओचा नाद असेल तर पूर्ण वाचा. नसेल तरी वाचा, कारण उद्या तुमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक खोक्याचा हा प्रश्न आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत जुना व्हॉल्व्हचा रेडिओ शोधणारे लोक कमी नाहीत. वेकोलितून, पॉवर स्टेशनमधून, पेपर मिलमधून रिटायर झालेले. वनखात्यातले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. घरातला मर्फी, फिलिप्स, बुश नाहीतर नॅशनल एको कधीतरी भंगारात गेलेला असतो आणि आता जरा उसंत मिळाली की त्याची आठवण येते. मोबाईलवर शोधाशोध होते. मुंबईचा, दिल्लीचा नाहीतर कोलकात्याचा विक्रेता सापडतो. पॉलिश मारलेला फोटो, खाली 'फुल वर्किंग कंडिशन'. पैसे आधी जातात. आठ-दहा दिवसांनी खोकं येतं. हलवलं की आतून खुळखुळ आवाज.

पुढचं बोलणं तुम्हाला पाठ असेल. विक्रेता म्हणतो, "सर, आपके उधर का रोड ही खराब है, हमने तो ठीक भेजा था." कुरियरवाला म्हणतो, "पॅकिंग पार्टीचं असते, आमचं काम फक्त पोचवून देणं." साइट म्हणते, नाजूक वस्तू, परत घेता येणार नाही.

आणि आपण? आपण मान डोलावतो. "हो न बाप्पा, आपले रस्तेच तसे हायेत."

हे मान डोलावणं बंद करा, एवढं सांगायलाच ही पोस्ट लिहितो आहे.

रस्ते खराब आहेत, कोण नाही म्हणतो? आल्लापल्ली-सिरोंचा रस्त्यावर ज्याने पावसाळ्यात गाडी नेली त्याला मी काय सांगू. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, हे दर पावसाळ्याचं आहे. पण मग एक गोष्ट समजावून सांगा. त्याच रस्त्याने एटापल्लीत अंडी येतात की नाही? ट्यूबलाइट येतात की नाही? काचेच्या बांगड्या, इंजेक्शनच्या कुप्या, आरसे? गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी पकडलेल्या मालाच्या बातम्या आपण वाचतोच. काचेच्या बाटल्या रात्रीच्या, आडवाटेने, पोलिसांची नजर चुकवत जातात आणि न फुटता पोचतात. चोरट्या मालाची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी रीतसर पैसे भरलेल्या रेडिओची घेतली जात नाही. दोष एकट्या रस्त्याचा असता, तर हे कसं झालं असतं?

अंड्याला ट्रे असतो म्हणून अंडं पोचतं. रेडिओला ट्रे नसतो. विषय इथेच आहे.

आता रेडिओ फुटतो कसा ते नीट बघा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी रस्त्याचं नाव घेतलं तर उत्तर देता येईल.

व्हॉल्व्ह सेटच्या आत पत्र्याची चासी असते. बहुतेक मोठ्या सेटमध्ये तिच्यावर पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे लोखंड आणि तांब्याचा जड ठोकळा. ही चासी काही बोल्टांवर कॅबिनेटच्या तळाला बसवलेली असते आणि मध्ये रबराच्या चकत्या असतात. साठ वर्षांत ते रबर एकतर दगड झालेलं असतं नाहीतर डांबर. खोकं कमरेच्या उंचीवरून आदळलं की बाहेरचा पुठ्ठा थांबतो, आतली चासी थांबत नाही. ती बोल्टातून सुटते आणि समोर जाऊन आपटते. समोर काय असतं? डायलची काच. रस्त्याचे धक्के सेट खिळखिळा करतात हे खरं. पण फोडतं ते आपटणं. आणि आपटणं होतं गोदामात, गाडीत माल चढवताना-उतरवताना. मुंबईहून नागपूर, नागपूरहून चंद्रपूर, चंद्रपूरहून गडचिरोली, तिथून आल्लापल्ली. प्रत्येक ठिकाणी एकदा उतरवणं, एकदा चढवणं. आपला गाव जितका आत, तितके हात जास्त. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या खोक्याला पॅकिंग पुण्यातल्या खोक्यापेक्षा जास्त पायजे. मिळतं ते तेवढंच, किंवा कमी.

बाकीचंही तसंच. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये नुसते खोचलेले असतात, धक्क्याने निघून एकमेकांवर आपटतात. स्टेशन बरोबर लागलं की उजळणारा हिरवा डोळा, म्हणजे मॅजिक आय, हाही काचेचाच व्हॉल्व्ह, आणि तो चांगल्या अवस्थेत मिळणं आता कठीण. बेकलाइटचं कॅबिनेट चेंडूसारखं उसळत नाही, बशीसारखं तडकतं. डायलवरची अक्षरं बहुतेक सेटमध्ये काचेच्या मागून रंगाने छापलेली असतात. त्यावर कोणी शहाण्याने चिकटपट्टी मारली, की 'सिलोन' आणि 'दिल्ली' पट्टीबरोबर निघून येतात. ट्रान्झिस्टर असेल तर आतली फेराइटची कांडी खडूसारखी तुटते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर साधा, स्वस्त उपाय आहे आणि जुना माल विकणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत आहे.

मग करत का नाहीत? हिशोब बघा. कुरियर कंपन्या फक्त वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचं. जे उत्तर येईल ते 'वजन', आणि खरं वजन कमी असलं तरी पैसे याच वजनाचे. समजा आठ किलोचा सेट आहे. तो ५० बाय ३५ बाय ३० च्या घट्ट खोक्यात कोंबला तर हिशोबी वजन साडेदहा किलो. तोच सेट नीट, दोन खोक्यांत, चारही बाजूंनी फोम देऊन ६५ बाय ५० बाय ४५ मध्ये भरला तर सव्वाएकोणतीस किलो. सेट तोच, भाडं जवळपास तिप्पट. विक्रेत्याने जाहिरातीत 'फ्री डिलिव्हरी' लिहिलेली असते. तो कुठलं खोकं निवडेल?

तुमचा रेडिओ फुटला तो इथे. गाडी निघायच्या आधी, विक्रेत्याच्या दुकानात, कॅल्क्युलेटरवर. रस्त्याचं नाव नंतर आलं.

आता कायदा. बरेच जण समजतात की 'ओनर्स रिस्क'चा शिक्का मारला की विषय संपला. संपत नाही.

पहिलं, २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा. त्यात 'कॉमन कॅरियर'च्या व्याख्येत कुरियर एजन्सीचं नाव स्पष्ट आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे माल खराब झाला तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत, पण पावतीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. यापेक्षा जास्त हवी असेल तर बुकिंग करतानाच जास्त जोखमीचा दर भरून तसं लिहून घ्यावं लागतं. इथेच मेख आहे. सहा हजारांचा रेडिओ, भाडं चारशे, म्हणजे चार हजारांपर्यंत हक्क. पण विक्रेत्याने पावतीवर 'ओल्ड रेडिओ, किंमत ५००' असं लिहिलं असेल, तर तुमचा हक्क पाचशेवर आला. म्हणून किंमत खरी लिहायला लावा आणि पावतीचा फोटो पैसे देण्याआधी ठरवून घ्या. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवरची भांडणं मोजली जात नाहीत.

दुसरं, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. आपल्यासाठी यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुंबईच्या विक्रेत्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. चंद्रपूरला आयोग आहे, गडचिरोलीला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. आणि साइटवरून विकणारा दुकानदार, वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. 'नाजूक वस्तू परत नाही' हे वाक्य त्याने लिहिलं म्हणून कायदा होत नाही.

एक फट मात्र आहे. कोणी स्वतःच्या घरातला एखादा रेडिओ विकत असेल, धंदा म्हणून नव्हे, तर हे ई-कॉमर्सचे नियम त्याला लागत नाहीत. काही जण महिन्याला दहा रेडिओ विकतात आणि वाद झाला की म्हणतात, "आजोबांचा होता हो." त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. इतके आजोबा कोणाला नसतात.

आता घेणाऱ्यांसाठी. पुढची यादी सेव्ह करून ठेवा आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला पाठवा. 'नाही जमणार' म्हणाला तर सौदा सोडा.

१. मागचं झाकण काढून आतला फोटो. मर्फीच्या कॅबिनेटमध्ये ब्लूटूथचा किट बसवून 'व्हिंटेज' म्हणून विकणं सर्रास चालतं.

२. सलग, न कापलेला व्हिडिओ. स्विच चालू करण्यापासून, व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत, आणि काटा फिरवत एकापेक्षा जास्त स्टेशन लावून. नुसती घरघर म्हणजे वर्किंग कंडिशन नव्हे.

३. व्हॉल्व्ह काढून, नंबर टाकून, एकेक वेगळा गुंडाळायचा. कुठला कुठे बसतो त्याचा फोटो. बटणं काढून वेगळ्या पिशवीत.

४. चासीचे बोल्ट बघून घट्ट करायचे. चासीच्या आणि डायलच्या मधल्या जागेत फोम. काचेवर आधी मऊ कागद, मग फोम. चिकटपट्टी काचेला लागता कामा नये.

५. दोन खोकी. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात सगळीकडून किमान दोन इंच भरीव फोम, तळाला जास्त. रद्दी कागदाचे बोळे चालणार नाहीत, ते दबतात. खोकं हलवल्यावर आवाज आला तर पॅकिंग झालं नाही.

६. जादा भाडं तुम्ही द्या. हो, द्या. 'फ्री डिलिव्हरी'चा मोह सोडा. भाडं वेगळं, पॅकिंग वेगळं, दोन्ही लेखी.

७. जुलै ते सप्टेंबर मागवू नका. ओल्या हवेत पुठ्ठ्याचं बळ जातं.

८. खोकं घेताना बाहेरून सहा बाजूंचे फोटो, मग उघडतानाचा सलग व्हिडिओ. 'आधी सही करा, मग उघडा' म्हणाले तर सहीच्या बाजूला लिहा: 'आतून आवाज येतो, खोकं दबलेलं.'

९. आगाऊ पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर वाट बघत बसू नका, लगेच १९३० ला फोन.

१०. सेट सुखरूप आला तरी थेट प्लगमध्ये खोचू नका. जुने कंडेन्सर आतून गेलेले असतात, ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी सिरीजमध्ये बल्ब लावून, जाणकाराच्या समोर. आणि काही सेट एसी-डीसी असतात, त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो. तिथे चासीवर थेट मेन्सचा करंट असू शकतो. मागचं झाकण उघडं ठेवून लहान पोरांसमोर मिरवू नका.

आणखी दोन गोष्टी विक्रेता सांगणार नाही. आपल्याकडे वीज पोचली नव्हती तेव्हा गावोगाव ९० व्होल्टच्या सुक्या बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह सेट होते. आत 'डीके ९६', 'डीएल ९६' असे व्हॉल्व्ह दिसले तर तो तसला सेट समजा. ती बॅटरी आता दुकानात मिळत नाही, वेगळा सप्लाय करून घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे भारतात एफएम सुरू झालं १९७७ साली, मद्रासला. त्याआधीच्या आपल्या सेटवर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह एवढंच. आकाशवाणी चंद्रपूर एफएमवर आहे, ते या सेटवर लागणार नाही. ज्या स्टेशनसाठी आपल्या घरातला काटा अडकलेला असायचा ते नागपूर, मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ, जुन्या डायलवर ५१३ मीटरच्या आसपास. म्हणून मीडियम वेव्ह बंद करायची भाषा दिल्लीत कोणी बोललं तर त्याचाही हिशोब आपल्याला मागावा लागेल. नाहीतर हे सगळे सेट नुसते शोकेसचे डबे.

आता पोस्टाकडे येतो, कारण भामरागड, कोरची, सिरोंच्याच्या आतल्या गावांत शेवटी पोचतं ते पोस्टच. खासगी कंपन्यांचं काय? साइटवर ४४२ चा पिनकोड टाका, 'या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही.' किंवा तालुक्याला येऊन घेऊन जा.

जुन्या लोकांना आठवत असेल, रेडिओचं लायसन्स असायचं. त्याचं पुस्तक असायचं आणि ते पोस्टात जाऊन दरवर्षी नवं करून आणावं लागायचं. १९८० च्या दशकात ती भानगड संपली. म्हणजे घरात रेडिओ आहे म्हणून वर्षानुवर्षे आपल्या आईबापाकडून पोस्टाच्या खिडकीत पैसे घेतले गेले. आज तोच रेडिओ त्याच पोस्टातून फुटून आला तर काय मिळतं? १८९८ च्या टपाल कायद्यात कलम ६ होतं. सरकारने स्वतःहून अंगावर घेतली असेल तेवढीच जबाबदारी, बाकी हात वर. २०२३ चा नवा कायदा आला, १८ जून २०२४ पासून लागू झाला, इंग्रजांचा कायदा गेला म्हणून अभिनंदनं झाली. पण नियमांत लिहिली असेल तेवढीच जबाबदारी, हे तत्त्व तसंच राहिलं. स्पीड पोस्टचा वर्षानुवर्षांचा नियम म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यातलं जे कमी ते. विम्याची सोय पोस्टात आहे, पण ती खिडकीवर आपणहून कोण सांगतं?

मी पोस्टमनच्या किंवा ग्रामीण डाक सेवकाच्या विरोधात एक शब्द लिहीत नाही. गुडघाभर पाण्यातून पत्र नेणारी ती माणसं आहेत. प्रश्न वरच्यांना आहे.

काही जण खाली कमेंट करतीलच, "भाऊ, इथे दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेत मास्तर नाही, अन् तुमाले रेडिओची पडली." बरोबर आहे. पण विचार करा. ज्या नियमाने आज रेडिओ फुटतो, त्याच नियमाने उद्या म्हाताऱ्या आईचं कानाचं मशीन फुटून येईल, आश्रमशाळेचा सूक्ष्मदर्शक येईल, दम्याच्या पोराचा नेब्युलायझर येईल, सोलरचा इन्व्हर्टर येईल. पावतीवर तोच शिक्का असेल आणि फोनवर तेच वाक्य, "आपके उधर का रोड". दूर राहतो म्हणून भाडं जास्त द्यायचं आणि दूर राहतो म्हणूनच भरपाई मागायची नाही, हे दोन्ही एकदम कसं चालेल? जादा भाडं घेतलं म्हणजे जादा जोखीम घेतली. नाहीतर भाडं कमी करा.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. भंगारवाला दारात येतो, माळ्यावरचा रेडिओ किलोच्या भावाने तांब्यासाठी घेऊन जातो, आपण सुटलो म्हणतो. तोच सेट पॉलिश होऊन हजारोंनी मोबाईलवर दिसतो आणि मग आपणच तो परत मागवतो. जाताना न फुटता गेलेला, येताना फुटून येतो. विकायचाच असेल तर आधी गावातल्या, तालुक्यातल्या माणसाला विचारा. ब्रह्मपुरीचा सेट वडशाला जायला कुरियर लागत नाही, मांडीवर ठेवून एसटीने जातो. आणि पूर्वी हे सेट आपल्याकडे आले कसे? एसटीच्या टपावरून, बैलबंडीतून, खाली तणस अंथरून. तेव्हाचे रस्ते काय सिमेंटचे होते?

म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो. कोणाला पटल्या तर आपल्या आमदार-खासदारांना, डाक अधीक्षकांना, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेला पाठवा.

एक, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुख्य टपाल कार्यालयात आणि तालुक्याच्या पोस्टात नाजूक मालासाठी दुहेरी पॅकिंगची सोय, ठरलेल्या दरात. विम्याचा दर खिडकीवर मराठीत लावलेला.

दोन, पार्सल उघडून बघून मग सही, हा हक्क. पोस्टातही आणि खासगी कुरियरमध्येही.

तीन, ज्या साइटने आपला पिनकोड स्वीकारून पैसे घेतले, तिने दारापर्यंतची जबाबदारी घ्यावी. जमत नसेल तर पैसे घेण्याआधी सांगावं.

चार, आपलं काम. ज्यांच्याकडे फुटलेला माल आला आहे त्यांनी गप्प बसू नका. एक तक्रार हरवते, पन्नास हरवत नाहीत. फोटो, पावती, तारीख हे सगळं एका कागदावर लिहून आयोगात द्या. अर्ज लिहायला मदत लागली तर कमेंटमध्ये फक्त 'तक्रार' लिहा, आपण बसून लिहू. स्वतःचा फोन नंबर मात्र उघड टाकू नका.

आणि पुढच्या वेळी कोणी फोनवर म्हणालं, "सर, आपके उधर का रोड," तर त्याला शांतपणे एवढंच विचारा: रोड तर आमचा आहे, खोकं कोणाचं होतं?